गुरुजींचा लॅपटॉप आणि काकूंची बोटं

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काउंटरमागे बाई दिसली की नवं गिऱ्हाईक आधी माझ्या खांद्यावरून मागे बघतं. मागे भिंत आहे, भिंतीवर कॅलेंडर आहे. मग ते विचारतं, "मेकॅनिक कधी येतील?" पहिली काही वर्षं मी याचं नीट उत्तर द्यायचे. आता म्हणते, "बसा, पाणी घ्या, येतीलच," आणि त्याच्यासमोरच त्याचा लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढायला लागते. मदरबोर्ड बाहेर आला की माणूस आपोआप ‘ताई’ म्हणायला लागतो.

नाशिकला अशोक स्तंभाजवळच्या या गाळ्यात मला पंचवीसहून अधिक वर्षं झाली. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसरीने पुढे शिवणक्लास काढला आणि ती सुखात आहे. मी हे काढलं, आणि सुखात आहे की नाही ते गिऱ्हाइकावर ठरतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतो. खरं म्हणजे आमचं निम्मं काम न बिघडलेल्या वस्तूंचं असतं. लॅपटॉप जुना, पण धडधाकट असतो. त्याच्यातली ऑपरेटिंग सिस्टिम मात्र जुनी झालेली असते. ही सिस्टिम म्हणजे लग्नघरातला सगळं बघणारा मामा. तो फोटोत कुठे नसतो, पण तो नसला तर आचारी एकीकडे, अक्षता दुसरीकडे आणि नवरदेव बूट शोधतोय. मशीनमधल्या या मामाला नंबर असतात. सात नंबर, दहा नंबर, अकरा नंबर. कधीतरी कंपनी जाहीर करते की सात नंबरच्या मामाला आता आम्ही ओळखत नाही. मग बँक त्याला आत घेत नाही, व्हिडिओ कॉल लागत नाही, आणि लोक धडधाकट लॅपटॉप बगलेत मारून माझ्याकडे येतात. "नवीन सिस्टिम टाका." जणू उशीचा अभ्राच बदलायचा आहे.

नवीन मामाला जागा जास्त लागते. त्याचे नखरेही जास्त. जुन्या मशीनमध्ये दोन जीबी रॅम असते, म्हणजे दोन पाट मांडायची जागा. तिथे हा पन्नास पानांची पंगत बसवायला निघतो. मग रॅम वाढवा, डिस्क तपासा, अंगचा कचरा काढा. कचऱ्याबद्दल तर मी स्वतंत्र लेख लिहू शकते. सुरगाण्याकडचे एक गुरुजी, म्हणजे शाळेतले, जीपने लॅपटॉप घेऊन आले होते. "ताई, ह्यो लय तापतो." उघडला, तर पंख्यात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ गच्च बसलेलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "घरात रेंज फक्त पिठाच्या डब्यावर येते. दुसरीकडं नाय येत." मी पंखा साफ करून दिला आणि डब्याला झाकण घट्ट लावायला सांगितलं. रेंजच्या बाबतीत माझा इलाज नव्हता.

या धंद्यात एक प्रश्न विचारल्याशिवाय मी हात लावत नाही: "यातलं काय काय ठेवायचं?" कारण नवीन सिस्टिम टाकताना जुनं सगळं पुसावं लागतं. उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही, सगळं उडवा." यावर विश्वास ठेवू नये. स्वतःच्या लॅपटॉपमध्ये काय आहे हे माणसाला ते गेल्यावरच कळतं. मनमाडचे एक निवृत्त रेल्वे गार्ड ‘सगळं उडवा’ म्हणून गेले आणि अर्ध्या तासात रिक्षातून उतरून धावत आले, "उडवलं का?" मी उडवलं नव्हतं. मी चहा पीत होते. अनुभवाने मी उडवण्याआधी चहा घेते.

इतकी शहाणी असूनही माझ्या हातून एक मोठी चूक झाली, ती सांगण्यासाठी हा सगळा पसारा.

पंचवटीतले एक तीर्थपुरोहित माझे जुने गिऱ्हाईक. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणते. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गोदावरीच्या घाटावर, रामकुंडावर श्राद्धाला आलेला यात्रेकरू कुठल्याही पुरोहिताकडे बसत नाही. तुमचं गाव, तुमचं आडनाव ठरलेल्या पुरोहिताकडे असतं. त्याच्या वह्यांमध्ये तुमच्या पणज्या-खापरपणज्यांची नावं, सह्या, अंगठे असतात. तुमचं घराणं शंभर वर्षांपूर्वी इथे आलं तेव्हाही त्याच घराण्याकडे बसलं होतं. ज्याच्या वहीत नाव, त्याचे तुम्ही यजमान. नाव दाखवता आलं नाही, तर शेजारचा पुरोहित टपलेलाच असतो. गुरुजींच्या शेजारच्या ओट्यावर त्यांचेच चुलत भाऊ नाना बसतात. दोघांमध्ये प्रेम आहे, पण ते घाट सोडल्यावर सुरू होतं.

गुरुजींकडे अशा लांबलचक वह्या साठएक असतील. लाल फडक्यात बांधून घरी ठेवलेल्या. कुठलं गाव कुठल्या वहीत हे पूर्वी गुरुजींच्या वडिलांना तोंडपाठ होतं. गुरुजींना निम्मं पाठ होतं. म्हणून त्यांच्या पत्नी, कुमुदकाकू, नऊ वर्षं दुपारी जेवणं आटोपल्यावर लॅपटॉपवर बसून सगळ्या वह्यांची नोंद करत होत्या. गाव, घराणं, पिढ्या, वही नंबर, पान नंबर. लग्नाआधी काकूंनी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती आणि त्यात त्यांचा वेग चांगला होता, हे मला काकूंनी सांगितलं. गुरुजी घाटावर सांगायचे, "आम्ही सगळं कॉम्प्युटरवर केलंय." या ‘आम्ही’मध्ये गुरुजींचा वाटा लॅपटॉपची पूजा करण्याचा होता.

तीन वर्षांपूर्वी, पितृपक्षाच्या आठवडाभर आधी, गुरुजी लॅपटॉप घेऊन आले. त्यांचे एक यजमान अमेरिकेत. त्यांना व्हिडिओ कॉलवर श्राद्ध करायचं होतं, आणि सात नंबरचा मामा कॉल लावून देईना.

"शैलाताई, नवीन सिस्टिम टाका. पण बुधवारी बारा ते दीड राहुकाळ आहे, तेवढा सोडून."

"गुरुजी, तुम्ही सांगाल त्या मुहूर्तावर. रॅम वाढवावी लागेल. डिस्कही नवीन टाकली तर पळेल."

"डिस्क तीच राहू दे. मूळ पीठ हलवायचं नाही."

मी माझा प्रश्न विचारला. काय काय ठेवायचं?

"‘यजमान’ नावाचा फोल्डर. बाकी सगळं गंगार्पण."

मी तो फोल्डर दोन ठिकाणी उतरवून घेतला. त्याच लॅपटॉपवर उघडून बघितला, नावं झकास दिसत होती. बरोबर साडेदहाला, गुरुजींच्या साक्षीने, पुसण्याचा आदेश दिला. मशीन विचारतं, नक्की का? गुरुजी म्हणाले, "कुलदेवतेचं स्मरण करून हो म्हणा." मी म्हटलं. संध्याकाळपर्यंत दहा नंबर बसला, व्हिडिओ कॉल लागला, अमेरिकेतले यजमान बनियनवर दिसले. फोल्डर परत टाकला. फाइली मोजल्या, भरल्या. आकार बघितला, जुळला. गुरुजींनी कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, ते मला नंतर ब्रशने काढावं लागलं. मशीन घरी गेलं, आणि पितृपक्षाची गर्दी लागेपर्यंत फोल्डर कुणी उघडला नाही.

परत टाकल्यावर मी फाइली मोजल्या, पण उघडून अक्षर बघितलं नाही. ही ती चूक.

कारण असं की, काकूंनी टायपिंग सुरू केलं त्या काळात आजच्यासारखी सगळीकडे चालणारी मराठी अक्षरं घरोघर आलेली नव्हती. मशीनच्या पोटात इंग्रजीच अक्षरं जायची आणि फॉन्ट नावाची एक छोटी फाइल त्यांना मराठी मुखवटा चढवायची. पडद्यावर ‘राम’ दिसायचा, पोटात मात्र जे, के, ई. हा फॉन्ट ‘यजमान’ फोल्डरमध्ये नसतो. तो सिस्टिमच्या घरात राहतो. म्हणजे मी ज्या घराचं गंगार्पण केलं, त्याच घरात.

पितृपक्षातल्या पहिल्याच मोठ्या गर्दीच्या दिवशी सकाळी सातला गुरुजींचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात कुणाचं काही झालं.

"शैलाताई, नावं गेली!"

"फाइल नाहीये का?"

"फाइल आहे. नावं नाहीत. कंस आहेत, स्वल्पविराम आहेत, इंग्रजी बाराखडी आहे. माझे यजमान समोर उभे आहेत आणि नाना त्यांना पाणी विचारतोय!"

मी केस विंचरत होते. तशीच स्कूटी काढली. पूल ओलांडेपर्यंत काय झालं ते मला कळलं होतं. घाटावर गर्दी ही एवढी. गुरुजींच्या ओट्यावर लॅपटॉप उघडा, पडद्यावर कंसांची आणि टिंबांची रांगोळी, आणि समोर मनमाडच्या पलीकडच्या एका गावातलं मोठं कुटुंब. पुढे आबा नावाचे वयस्कर गृहस्थ, मागे मुलगे, पुतणे, सुना, आणि सगळ्यांत मागे आबांची बहीण, जिला सगळे आत्या म्हणत होते.

आबा शांतपणे सांगत होते, "म्हाराज, भांडायचं नाय आपल्याला. आमचा म्हातारा सांगून गेला, ज्याच्या वहीत आपला आंगठा हाय त्याच्याकडंच बसायचं. तुम्ही नाव दाखवा, आम्ही बसतो. नाय तर ते म्हाराज म्हणत्यात त्यांच्याकडं हाय."

ते म्हाराज म्हणजे नाना. नाना वही चाळत होते. नानांच्या वहीत ते गाव नव्हतं, हे गुरुजींना माहीत होतं, नानांनाही माहीत होतं, पण नाना चाळत होते. आणि श्राद्धाला नुसतं वडिलांचं नाव पुरत नाही. आजोबा लागतात, पणजोबा लागतात. आबांना आजोबांचं नाव ठाऊक होतं, पणजोबांचं कुणालाच नव्हतं. एक घर उठून नानांकडे बसलं की पुढच्या वर्षी भावकी जाते, मग गाव जातं. गुरुजींच्या कपाळावर घाम होता. पाच पिढ्यांचं गाव माझ्यामुळे हातचं चाललं होतं.

"साठ वह्यांत शोधायचं तर दुपार होईल," ते मला हळूच म्हणाले. "तोवर हे थांबतील का?"

मी फोनवरून फॉन्ट उतरवायचा प्रयत्न केला. पितृपक्षातल्या गर्दीत रामकुंडावर नेट म्हणजे नुसतं फिरणारं चक्र. शेवटी काकूंना फोन लावला. त्या घरी स्वयंपाकात होत्या.

"काकू, तुम्ही टाइप करायच्या तो फॉन्ट कुठला होता? नाव आठवतंय?"

"नाव कसलं अगं? क्लासच्या सरांनी टाकून दिला होता. मी आपली बटणं दाबायचे. का गं?"

"इथे सगळं इंग्रजीत दिसतंय. हे बघा, या गावाच्या फाइलमध्ये काय लिहिलंय: एल, मग चौकोनी कंस, मग के, के, जे, के, ई..."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग टकटक असा आवाज आला, स्वयंपाकाच्या ओट्यावर बोटं आपटल्यासारखा.

"सखाराम," काकू म्हणाल्या.

मला काही कळेना. "काय?"

"सखाराम गं. जे म्हणजे उजवी तर्जनी, तिला र. त्याच्या शेजारच्या बोटाला काना. पुढचं वाच."

मी पुढचं वाचलं. ओट्यावर टकटक झालं. "तुकाराम. हं, पुढे?" आणखी दोन शब्द झाल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, असं किती वाचशील? तू एक चुकलीस की माझा माणूस बदलेल. गॅस बंद करते, येतेच."

काकू दहा मिनिटांत आल्या, कोपरापर्यंत कणीक लागलेली. आल्या आणि नेहमीच्या जागी, दुसऱ्या पायरीवर थांबल्या. घाटावर पुरोहिताच्या ओट्यावर वहीपुढे बाई बसत नाही. असं कुठे लिहिलेलं नाही, कुणी कुणाला सांगतही नाही, पण बसत नाही. काकू तीस वर्षं डबा घेऊन यायच्या त्या दुसऱ्या पायरीपर्यंतच. तिथून पडद्यावर ऊन पडलेलं, त्यांना दिसेना. त्या मान वाकडी करून बघत होत्या, गुरुजी नानांकडे बघत होते, नाना आकाशाकडे बघत होते.

कोंडी फोडली आबांनी. "बसा की बाई तिथं. उभ्यानं काय दिसणार?"

यजमानाने सांगितल्यावर गुरुजी काय बोलणार? ते पाटावरून उठले. काकू बसल्या. पदराने हात पुसले, डोळे पडद्यावर, आणि बोटं मांडीवर. ती बोटं चालायला लागली. एकेका चिन्हाला एकेक बोट दबायचं आणि तोंडातून नाव यायचं. मी इतकी वर्षं कीबोर्ड दुरुस्त करते आहे, पण कीबोर्ड माणसाच्या मांडीवर मी पहिल्यांदाच बघितला.

"वही अकरा, पान एकशे चार," काकू म्हणाल्या. गुरुजी घराकडे पळाले. त्या वयात ते पळू शकतात हे घाटाला तेव्हा कळलं.

"तुमचे वडील किसन," काकू आबांना सांगू लागल्या. "त्यांचे तुकाराम. त्यांचे सखाराम. सखारामाला भाऊ एक."

आबा खमके. त्यांनी खोदून विचारलं. "भावाचं नाव?"

बोटं चालली. "गोविंदा. पुढे लिहिलंय, परागंदा."

आबांनी टोपी काढून हातात घेतली. "दुष्काळात गेला व्हता म्हणत्यात," ते मुलांकडे वळून म्हणाले. "माघारी आला नाय. नाव नव्हतं म्हाईत कुणाला. गोविंदा व्हता रं त्यो."

नानांनी वही मिटली. तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज आला. "अन् बायांची नावं? आमची पणजी हाय का त्यात?"

काकूंनी बघितलं. बोटं एकदा चालली, थांबली. "सखाराम, आणि पुढे नुसतं ‘सपत्नीक’ आहे," त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. नोंद त्यांनीच केली होती, पण वहीत नसलेलं त्या कुठून भरणार?

"म्हाळसा," आत्या गर्दीतून पुढे आल्या. "म्हाळसा नाव व्हतं तिचं. दोन पोरं घेऊन एकटीनं विहीर खांदली तिनं. माझ्या आज्जीनं सांगितलंय मला. लिव्हा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लिहा काकू. मशीन लिहायला बिघडलेलं नाही, दाखवायला बिघडलंय." काकूंनी खडखड टाइप केलं. पडद्यावर उमटला आणखी एक कंसाबिंसांचा लगदा. आत्याबाईंनी त्यावर हात फिरवून तो डोळ्यांना लावला.

गुरुजी लाल फडकं घेऊन धापा टाकत आले. पान एकशे चार उघडलं, त्यावर तुकारामांचा अंगठा, शाई तपकिरी झालेली. आबांनी आपला अंगठा त्याच्या शेजारी ठेवून बघितला. मग सगळे पूजेला बसले, गाव वाचलं. मी बाजूला होऊन एका दगडावर बसले.

नानांना राहवलं नाही. "वहिनी, ही लिपी कुठली म्हणायची?"

"आमची घरची आहे," काकू म्हणाल्या.

दुपारपर्यंत घाटभर झालं की गुरुजींच्या घरात एक गुप्त लिपी आहे, ती फक्त त्यांच्या पत्नीला येते. गुरुजींनी याचा इन्कार केला नाही. उलट भुवया थोड्या वर चढवल्या. त्या पितृपक्षात काकू रोज ओट्यावर बसल्या. इलाज नव्हता.

इलाज होता, ही खरी गोष्ट. त्याच दिवशी दुपारी दुकानात जुन्या सीडींचा खोका उपसला. तिसऱ्या सीडीत तो फॉन्ट निघाला. जे, के, ई ही तीनच अक्षरं तपासली, ‘राम’ उमटला. एक चिमुकली फाइल, ती टाकायला पोळी भाजण्याइतकाही वेळ लागत नाही. मी आनंदाने काकूंना फोन केला. "काकू, सापडला! संध्याकाळी येऊन टाकते. गुरुजींना सगळं पहिल्यासारखं वाचता येईल."

मला वाटलं रेंज गेली.

"काकू?"

"शैला, टाकू नकोस."

"अहो, चूक माझी आहे, मला ती..."

"नऊ वर्षं मी ही नावं टाइप केली," काकू म्हणाल्या. "हजारो माणसं गेली माझ्या बोटांखालून. किसन, तुकाराम, सखाराम. एकालाही बघितलं नव्हतं. आज सखारामाचा पणतू बघितला. त्याचं नाक केवढं मोठं आहे! ती आत्या बघितली. तू ते टाकलंस की मी उद्या परत दुसऱ्या पायरीवर. मला नाही जायचं तिथे."

आमच्या धंद्यात माझी एकच ऐट आहे: दोष ठाऊक असून मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. त्या ऐटीवर माझं दुकान चाललंय. आणि काकूंचा आवाज असा होता, की ती ऐट मला फार लहान वाटली. मी ‘बरं’ म्हटलं.

गुरुजींना सांगितलं, "अवघड आहे. तो फॉन्ट आता मिळत नाही. प्रयत्न करते." ते दर महिन्या-दोन महिन्यांनी विचारायचे, मी ‘प्रयत्न चालू आहे’ म्हणायचे. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे मी तेव्हा हमखास स्क्रू खाली पाडायचे. नवीन यजमान आले की काकू त्यांची नोंद त्याच न दिसणाऱ्या अक्षरांत करायच्या, आता बायकांच्या नावांसकट. मागे उभ्या राहणाऱ्या सासवा-सुना पुढे येऊन त्यांच्या कानात नावं सांगतात. कुणाच्या आजीचं, कुणाच्या पहिल्या बाळंतपणात गेलेल्या बहिणीचं. हे मी स्वतः बघितलंय, आणि ते बघून मला माझ्या खोटेपणाचं काहीही वाटेनासं झालं.

या वर्षी उन्हाळ्यात गुरुजी एकटेच दुकानात आले. लॅपटॉपची बॅटरी फुगली होती. मी ती काढत होते. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "शैलाताई, एक विचारतो. खरं सांगायचं. ती अक्षरं दुरुस्त होतात का?"

माझ्या हातातला स्क्रू पडलाच. तो शोधायला वाकले, वर आले, तरी ते बघतच होते. एवढ्या वयस्कर माणसाच्या डोळ्यांत बघून तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच खोटं मला जमेना.

"होतात, गुरुजी. पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या दिवसापासून पाच मिनिटांचंच आहे."

ते उठतील, चिडतील, गिऱ्हाईक जाईल, काकूंचं बसणं जाईल, हे सगळं मला एका क्षणात दिसलं. गुरुजींनी उपरणं सारखं केलं.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "माझ्या भाच्याने फोनवर दोन मिनिटांत मला असले चार फॉन्ट दाखवले. मी त्याला म्हटलं, गप्प बस."

मी फुगलेली बॅटरी बाजूला ठेवली.

"घाटावरचे चार जण मला विचारतात, तुमच्या पाटावर बाई कशा? शास्त्राचं काढतात. त्यांच्याशी वाद कोण घालणार? मी एवढंच सांगतो, मशीन बिघडलंय, इलाज नाही. यावर कुणाला काही बोलता येत नाही." ते थोडे पुढे झुकले. "पण नाना आता म्हणतो, दुसऱ्या दुकानात दाखव. म्हणून आलो. मला लेखी द्या."

"काय लेखी देऊ?"

"दुरुस्त होत नाही, असं. तुमच्या कागदावर, शिक्क्यासकट. आणि हिला सांगू नका मी विचारलं म्हणून. तिला वाटू दे, मला ठाऊक नाही."

मी दुकानाचा छापील कागद काढला. त्यावर लिहिलं, ‘सदर लॅपटॉपमधील मराठी अक्षरे सर्व प्रयत्न करूनही दुरुस्त होऊ शकत नाहीत. यापुढे होण्याची शक्यता नाही.’ खाली सही केली. गुरुजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि ‘यापुढे होण्याची शक्यता नाही’ यावर बोट ठेवून म्हणाले, "हे वाक्य जरा ठळक करा."

मी त्यावरून पुन्हा पेन फिरवलं आणि शिक्का चांगला जोर लावून मारला.